टाळूला भेग, बाळ बाटली ओढत नाही. निपलचं भोक मोठं करू का?

रानजाई
मुलगी 19 दिवसांची. ओठ नीट आहे, पण टाळू मागच्या बाजूला दुभंगलेली. जन्माचं वजन 2.8 किलो, आज 2.6. अंगावर ओढता येत नाही, म्हणून पंपाने दूध काढून बाटलीने देते. तासभर चोखते, घामाघूम होते आणि पोटात जातं 25 मिली. त्यातलंही थोडं नाकातून परत. जाऊबाई म्हणतात, गरम सुईने भोक मोठं कर. करू का? (सासूबाई ‘टाळूला भेग’ ऐकून दोन दिवस डोक्यावरची टाळू तेलाने भरत होत्या. तोंडात टॉर्च मारून दाखवलं तेव्हा गप्प झाल्या.)

दोन_पोरांची_आई
भोक अजिबात मोठं करू नका. मी केलं होतं. धार थेट घशात गेली, पोरगा ठसकून निळा पडला. ते दोन मिनिटं अजून आठवतात.

आधी वजनाचं. एव्हाना ते जन्माच्या वजनाच्या वर जायला हवं होतं. उद्याच डॉक्टरांना दाखवा, बाकीचं त्याच्या जोडीने.

तिची चूक नाही हो. भोक पडलेल्या स्ट्रॉने शहाळं पिऊन बघा, नुसती हवा येते. तिचं तेच होतंय. ती ओढू शकत नाही, पण चावल्यासारखं दाबते आणि गिळते. मग ओढायचं काम आपल्या हाताने करायचं. चटणीच्या बाटलीसारखी मऊ, दाबता येणारी बाटली घ्या. अशा बाळांचं निपलही वेगळं मिळतं, आत एकेरी झडप असते, दूध मागे जात नाही.

मी मांडीवर जवळजवळ बसवूनच पाजायचे, मान माझ्या कोपरात. तो दोन-तीनदा तोंड हलवायचा, मग मी एकदा हलकेच दाबायचे. गळा हलला की पुन्हा. तो थांबला की मीही थांबायचे. पहिले चार दिवस माझी लय चुकायची, पाचव्या दिवशी बोटांना आपोआप कळायला लागलं. नाकातून आलं तर घाबरू नका, थांबा, शिंकू द्या, पुसा. हवा फार गिळतात, म्हणून मध्येच एकदा ढेकर काढा.

अर्ध्या तासाच्या वर पाजू नका, कमावलेलं सगळं चोखण्यातच खर्च होतं. आम्हाला किलोमागे दिवसाला 150 मिलीचा हिशोब दिला होता. त्याने तुमच्याकडे 390 होतात, आठ वेळांत वाटले तर एका वेळी 50 च्या आसपास. तुमचा आकडा मात्र डॉक्टरच ठरवतील.

माजघर
आमच्याकडे आजीने चांदीच्या बोंडल्याने पाजलं होतं. जमतं, पण बाळ आडवं ठेवून ओतायचं नाही. गालाच्या बाजूने थेंब थेंब. आणि बोंडलं रोज उकळायचं.

निवृत्त_परिचारिका
कानही तपासून घ्या. या बाळांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं आणि बोलणं लांबतं. टाळूचं ऑपरेशन साधारण 9 ते 18 महिन्यांत करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ-टाळू धरलेला आहे, सरकारी दवाखान्यात विचारा. स्माईल ट्रेन नावाच्या संस्थेच्या मदतीनेही बऱ्याच रुग्णालयांत ऑपरेशन फुकट होतं. आणि ग्रहणात सुरी धरली होतीस का, असं कुणी विचारलं तर त्याला खुशाल माझ्याकडे पाठवा.

रानजाई
विचारून झालंय, तेही दोघींनी.
डॉक्टरांकडे जाऊन आले. बाटली बदलली, परवा पुन्हा वजन करायचंय. आज दुपारी 20 मिनिटांत 45 गेलं. एकदा नाकातून आलं, शिंकली, माझ्याकडे रागाने बघितलं आणि परत तोंड उघडलं. सासूबाईंचं डोक्यावर तेल भरणं चालूच आहे. राहू दे म्हटलं.