गर्भपिशवीचे ऑपरेशन: पोटावरून, दुर्बिणीने की योनिमार्गे?

प्रश्न (केज, जि. बीड)
माझ्या मोठ्या वन्सं ४३ वर्षांच्या आहेत. वर्षभरापासून त्यांच्या अंगावरून फार जाते. सोनोग्राफीत पिशवीत गाठ असून पिशवी दहा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी वाढल्याचे दिसले. धाकटा मुलगा सिझेरियनने झालेला आहे. एका डॉक्टरांनी पोट उघडून, तर दुसऱ्यांनी दुर्बिणीने पिशवी काढावी असे सुचवले. दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी निघण्याआधी हे उरकावे, असे घरच्यांना वाटते. कोणती पद्धत चांगली?

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर)
तिसरा मार्ग तुम्हाला कोणी सांगितलेला दिसत नाही. पिशवी खाली उतरलेली नसली तरी एवढ्या आकाराची पिशवी बहुधा योनिमार्गे, पोटावर एकही टाका न घालता काढता येते. ४७ चाचण्यांतील ५,१०२ स्त्रियांच्या माहितीवर आधारलेल्या २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेचा (वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावा) निष्कर्षही असाच आहे की, शक्य असेल तेथे योनिमार्गालाच पसंती द्यावी. पोट उघडण्यापेक्षा दुर्बिणीने केल्यास रुग्ण लवकर हिंडूफिरू लागते. मात्र वेळ अधिक लागतो आणि मूत्राशय किंवा मूत्रवाहिनीला इजा होण्याचा धोका वाढतो. सिझेरियनमुळे मूत्राशय पिशवीला चिकटलेले असू शकते, म्हणून तपासणी करूनच मार्ग ठरवावा आणि ज्या पद्धतीत डॉक्टरांचा हात बसलेला आहे तिला महत्त्व द्यावे. बीजकोश निरोगी असतील तर ते या वयात काढू नयेत. ते काढले की पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात आणि हाडे लवकर ठिसूळ होतात.

उत्तर (आशा कार्यकर्ती, धारूर)
मार्ग ठरवण्याआधी पिशवी काढणे खरोखर गरजेचे आहे का, हे विचारा. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. हा आकडा वाचला की आजही जीव कळवळतो. गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या तांबीने रक्तस्राव आटोक्यात येतो का, हे आधी बघावे. हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला हवा का, तेही डॉक्टरांना विचारा. अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत मिळू शकेल.

उत्तर (परिचारिका, लातूर)
ऑपरेशन करायचेच ठरले, तर एक गोष्ट घरच्यांना नीट समजावून सांगा. बाहेरचे टाके दिसत नसले तरी योनीच्या वरच्या टोकाला आतून टाके घातलेले असतात, आणि ते भरून यायला तिन्ही पद्धतींत सहा आठवडे तरी लागतात. तोवर पाण्याची कळशीसुद्धा उचलू देऊ नका. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणे तर दूरच राहिले. ऑपरेशन दसऱ्याच्या तोंडावर झाले, तर वन्संना टोळीबरोबर पाठवू नका. टोळीच्या मुकादमाशी उचल (आगाऊ रक्कम) ठरवतानाच त्यांच्या नावाचा कोयता धरू नये (म्हणजे तोडणीच्या मजुरांत त्यांना मोजू नये), म्हणजे पुढे तगादा लागणार नाही.