बाहेर पडलेल्यांच्या गप्पांत जुना विषय असावा की नसावा?

कोरी_पाटी (धागाकर्ती)

आम्ही काही जण एकाच वादग्रस्त धार्मिक संस्थेतून वेगवेगळ्या काळी बाहेर पडलो आहोत. संस्थेचे नाव येथे मुद्दामच देत नाही, कारण आमच्यापैकी काहींचे आईवडील आणि एकाची पत्नी अजून आत आहेत, शिवाय माझा प्रश्न नावावाचून अडणारा नाही. महिन्यातून एकदा आम्ही फोनवर एकत्र जमतो. एकमेकांना आधार द्यावा एवढ्यासाठीच हे जमणे सुरू झाले होते आणि पहिले काही महिने संस्थेखेरीज दुसरे बोलणेही होत नसे. पुढे मात्र आपोआप फरक पडत गेला. कुंडीतल्या मनीप्लांटची पाने पिवळी का पडतात, गुडघा दुखत असताना जिना चढावा की टाळावा, बिजागरीचा गंज कशाने निघतो, अशा विषयांवर आता तास-दीड तास सहज निघून जातो आणि मला तरी त्यात फार बरे वाटते.

अडचण अशी की, दोघांना हा सारा वेळेचा अपव्यय वाटतो. जे घडले ते घडलेच नाही असे आपण भासवतो आहोत, असे त्यांचे म्हणणे आहे. याउलट आणखी दोघे सांगतात की, जुना विषय निघाला की त्या रात्री त्यांना झोप लागत नाही. यावर उपाय म्हणून एकाने ‘या फोनवर संस्थेविषयी बोलायचे नाही’ असा नियम करण्याचे सुचवले, तेव्हा सगळेच एकदम गप्प झाले. नियम हा शब्द आमच्या कानाला अजूनही जड जातो.

म्हणून विचारते, असा नियम कोणी केला आहे का आणि तो टिकला का? दुसरे असे की, आमच्यातल्या अनेकांना साध्या गप्पाच मुळात जमत नाहीत. ‘कसे आहात?’ असे विचारले की आम्ही आठवड्याचा अहवाल देतो, आणि क्षणभर शांतता पसरली की कोणीतरी काहीतरी बोधपर बोलून ती भरून काढते. इतरांचाही असाच अनुभव आहे का?

उत्तररात्र

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिला प्रश्न बराचसा त्यातूनच निर्माण झाला आहे असे मला वाटते.

अशा संस्थांमध्ये बोलण्याला नेहमी काहीतरी काम नेमून दिलेले असते. नव्या माणसाशी बोलायचे ते त्याला आत आणण्यासाठी, जुन्याशी बोलायचे ते त्याची निष्ठा टिकवण्यासाठी, आणि वरच्या माणसाशी बोलायचे ते कबुली देण्यासाठी. काही ठिकाणी तर त्याचा हिशेबही ठेवला जातो. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथात प्रत्येक प्रचारकाने महिन्याभरात किती तास प्रचार केला हे लिहून देण्याची पद्धत 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत चालू होती. 1 नोव्हेंबर 2023 पासून सर्वसाधारण प्रचारकांना तास कळवावे लागत नाहीत. वर्षानुवर्षे ज्याने अनोळखी माणसाशी झालेले संभाषण तासांच्या रकान्यात मांडले, त्याला कोणाशी उगाचच बोलत बसणे चोरीसारखे वाटले तर नवल नाही.

मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी चीनमधील विचारसुधारणेच्या, म्हणजे माणसांचे विचार सक्तीने बदलण्याच्या, मोहिमेतून गेलेल्या 40 जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांत 25 पाश्चात्त्य आणि 15 चिनी होते. 1961 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांनी अशा वातावरणाची आठ लक्षणे सांगितली. त्यांपैकी दोन तुमच्या फोनला थेट लागू पडतात. एक म्हणजे कबुलीचा अतिरेक, ज्यामुळे माणसाला खाजगी असे काही उरत नाही. आणि दुसरे म्हणजे साचेबद्ध भाषा, जिच्यातले एखादे तयार वाक्य टाकले की पुढचा विचार तिथेच थांबतो. तुमच्याकडे शांतता पसरताच जे बोधपर वाक्य येते, ते याच दुसऱ्या प्रकारातले असावे.

आमच्या संस्थेत ‘काल संध्याकाळी दिसला नाहीत?’ असे अगदी हसतमुखाने विचारणारा माणूसच उत्तर टिपून पुढे पाठवत असे. त्यामुळे आजही कोणी आपुलकीने चौकशी केली की मी आधी कारण शोधतो आणि मग उत्तर देतो. यावर आमच्या छोट्या गटात एक गोष्ट उपयोगी पडली. प्रश्न विचारून सुरुवात करायची नाही. ज्याला बोलायचे आहे त्याने आपलेच काहीतरी सांगायचे, कितीही किरकोळ असले तरी. ‘तुमचा आठवडा कसा गेला?’ याऐवजी ‘आमच्या छपरावर खारीने घर केले आहे’ असे म्हटले की, उत्तर देण्याचे बंधन कोणावरच राहत नाही. ज्याला खारीविषयी बोलावेसे वाटते तो बोलतो, इतर ऐकतात. मानवशास्त्रज्ञ मालिनोवस्की यांनी 1923 मध्येच लिहून ठेवले आहे की, माणसे पुष्कळदा माहिती देण्यासाठी बोलतच नाहीत, केवळ एकमेकांच्या सहवासात असल्याचे जाणवावे म्हणून बोलतात. आपण बहुतेक सगळे यालाच मुकलो होतो.

निवृत्त_साधक

उत्तररात्र यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, परंतु बंदीच्या प्रस्तावाला माझा स्पष्ट विरोध आहे.

मार्गारेट सिंगर या मानसशास्त्रज्ञ बाहेर पडलेल्या व्यक्तींचे चर्चागट चालवीत असत. त्या अनुभवावरून 1979 मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी या लोकांच्या नित्याच्या अडचणी नोंदवल्या आहेत. नैराश्य, एकटेपणा, साधासाधा निर्णय न घेता येणे या अडचणी तर अपेक्षितच होत्या; पण आणखी दोन मला फार नेमक्या वाटतात. एक, घरचे लोक आपल्याकडे काचेच्या भांड्यातल्या माशासारखे सतत पाहत असतात, म्हणजे जरा गप्प बसलो किंवा शून्यात नजर लावली तरी ‘हा परत जाणार की काय’ अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर उमटते. दोन, आपण तिथे गेलोच का, हे समजावून सांगण्याची यातना. बाहेरच्या माणसापुढे एक वाक्य बोलायचे तर त्याआधी दहा वाक्यांची प्रस्तावना लागते, आणि ती ऐकून तो ‘पण तुम्ही तर शिकलेले आहात ना?’ असे म्हणतो.

तुमच्या फोनवर ही प्रस्तावना लागत नाही. बिजागरीच्या गंजाविषयी बोलताबोलता एखाद्याने ‘सेवेच्या दिवसांत ही कामे मीच करायचो’ एवढे म्हटले, तर सर्वांना ते कळते आणि संभाषण पुन्हा गंजाकडे वळू शकते. बंदी घातलीत तर हेच अर्धे वाक्य गिळावे लागेल. मग तुमच्यात आणि कोणत्याही अनोळखी मंडळात फरक तो काय राहिला?

सिंगर यांच्या बाबतीत एक खुलासा करायला हवा. मन वळवण्याच्या फसव्या तंत्रांविषयी त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेला अहवाल अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 1987 मध्ये स्वीकारला नाही. अभ्यासकांमध्ये त्यावरून मोठा वाद झाला. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ स्टुअर्ट राइट यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी स्वेच्छेने बाहेर पडलेल्यांशी बोलून पाहिले, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश लोकांनी त्या अनुभवाने आपण अधिक शहाणे झालो असे सांगितले, आणि आपली फसवणूक झाली किंवा मेंदू धुतला गेला असे म्हणणारे दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. म्हणून चर्चागटांत मदतीसाठी येणाऱ्यांवरून सर्वांची परीक्षा करू नये. तुमच्यातले जे दोघे गप्पांना वेळेचा अपव्यय म्हणतात, त्यांना कदाचित अजून खूप सांगायचे राहिले असेल. आणि जे झोप उडते म्हणतात, त्यांचे सांगून झाले असेल किंवा अजून सांगण्याची ताकद आली नसेल. या दोन जोड्यांची गरज एकाच तासात भागणार नाही. ज्यांना जुना विषय हवा आहे त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवा, आणि ज्याची झोप वारंवार उडते त्याला एखाद्या जाणत्या समुपदेशकाकडे जाण्याचे मोकळेपणाने सुचवा. गप्पांचा फोन हा काही उपचार नव्हे.

सांजवेळ

माझा मुद्दा थोडा निराळा आहे. विषयापेक्षा रचनेकडे लक्ष द्यावे.

आम्ही असाच एक गट काही वर्षे चालवला. संस्थेविषयी बोलायचे की नाही यावर आमचे कधीच भांडण झाले नाही. वितुष्ट आले ते, कोण आधी बाहेर पडले यावरून. ज्यांनी सर्वांत आधी संस्था सोडली त्यांच्या मताला नकळत वजन येत गेले, ज्यांनी जास्त सोसले त्यांचे वाक्य कोणी तोडेनासे झाले, आणि उशिरा आलेल्यांना ‘तुम्ही इतकी वर्षे काय पाहत होतात?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. शेवटी एक गृहस्थ इतक्या शांत, समजूतदार आवाजात सर्वांना सल्ला देऊ लागले की, डोळे मिटून ऐकले तर आम्ही पुन्हा जुन्या सभागृहात बसलो आहोत असे वाटावे. गृहस्थ सज्जन होते, यात शंका नाही. त्यांना फक्त तेवढीच एक बोलण्याची पद्धत ठाऊक होती.

कोरी_पाटी यांनी फोन लावण्याचे काम दर वेळी दुसऱ्याकडे द्यावे, म्हणजे कोणी यजमान राहणार नाही. आणि जो त्या दिवशी हजर नाही, त्याच्याविषयी बोलू नये. हा मात्र नियमच करावा असे मला वाटते, शब्द जड गेला तरी. गैरहजर माणसाची काळजी व्यक्त करताकरता त्याची झडती कशी घेतली जाते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले आहे.

यातूनच एक पेच उभा राहतो आणि त्याचे समाधानकारक उत्तर आम्हाला सापडले नाही. एखादा दोन-तीनदा आला नाही तर त्याला फोन करावा का? केला तर संस्थेतून येणाऱ्या त्या पाठलाग करणाऱ्या फोनची आठवण होते. न करावा तर वाळीत टाकल्यासारखे वाटते. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलेले नाही त्यांना याची कल्पना येणे कठीण आहे. वर ज्यांचा उल्लेख आला त्या यहोवाच्या साक्षीदारांचेच पाहा. मंडळीतून काढलेल्या माणसाला अभिवादनही करू नये, असा त्यांचा दंडक बायबलमधल्या योहानाच्या दुसऱ्या पत्रातील दहाव्या ओवीच्या आधारे अनेक दशके पाळला गेला. 2024 मध्ये तो थोडा सैल झाला आणि सभेला आलेल्या अशा माणसाला साधे अभिवादन करण्याची मुभा मिळाली. तीसुद्धा धर्मत्यागी ठरवलेल्यांना लागू नाही. जिथे नमस्कारासाठीही वरून परवानगी यावी लागते, तिथून आलेल्या माणसाला ‘फोन का केला नाहीत?’ हा प्रश्न किती खोल लागत असेल, याचा विचार करा. आम्ही शेवटी एवढेच ठरवले की, फोन करणाऱ्याने न येण्याचा विषय काढायचा नाही, आपले काहीतरी सांगून ठेवून द्यायचा.

खिडकीपाशी

वरचे सर्व पटले, तरी एक शंका राहते. माझी आई संस्थेत आहे. माझ्याशी ती फक्त प्रकृतीपुरते बोलते. तेव्हा ‘आई कशी आहे?’ हा कोणाच्याही घरातला रोजचा प्रश्न माझ्यासाठी संस्थेचाच प्रश्न असतो. मी आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेविषयी बोलले तर ती रोजची गप्पा झाली की जुना विषय? बंदीची रेघ नेमकी कुठे ओढणार?

उत्तररात्र

@खिडकीपाशी, ती आईविषयीची गप्पा झाली. शस्त्रक्रियेच्या वेळी तुम्हाला जवळ थांबू दिले का, हे आमच्यापैकी कोणी विचारणार नाही. तुम्हाला सांगावेसे वाटले तर ऐकून घेऊ, आणि मग डोळ्यांत थेंब किती दिवस घालावे लागले ते विचारू.

कोरी_पाटी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बंदीचा प्रस्ताव मी मागे घ्यायला सांगणार आहे. खिडकीपाशी यांच्या प्रश्नानंतर तो टिकणारच नव्हता, कारण आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरची बातमी म्हणजे संस्थेची बातमी आहे. वेगळ्या दिवसाची सूचना त्या दोघांना आजच कळवते. गैरहजर माणसाविषयी न बोलण्याचा नियम मला इतका पटला की, गेल्या दोन महिन्यांत आम्ही कोणाकोणाविषयी ‘काळजीने’ बोललो याची मनात यादीच झाली.

एका बाबतीत मात्र सांजवेळ यांच्यापुढे थोडे जावेसे वाटते. ज्याला एखादा विषय असह्य होईल त्याने काही न सांगता फोन ठेवून द्यावा, आणि पुढच्या महिन्यात तो परत आला की त्याविषयी कोणी चकार शब्द काढू नये, असे सुचवणार आहे. आत असताना सभेतून मध्येच उठून जाणे शक्य नव्हते. यात काही धोका दिसत असेल तर कृपया सांगावे.

सांजवेळ

धोका एकच दिसतो. रेंज गेल्यामुळे फोन कटला तरी सगळे अपराध्यासारखे गप्प बसतील. तेवढ्यापुरता ‘रेंज गेली होती’ असा निरोप टाकायची सवलत ठेवा.