मदत हवी आहे: नॅव्हिगेशन नवं हवंय, पण गाडीची मूळ फीचर्स जाता कामा नयेत

नमस्कार मंडळी,

गाडी २०१२ ची आहे, नॅव्हिगेशन कंपनी फिटिंगचं. इंजिन ठणठणीत, त्यामुळे गाडी बदलायचा विचार अजिबात नाही. पण या युनिटसाठी नवे नकाशे येणं बंद झालंय. नव्या बायपासला लागलो की स्क्रीनवरचा बाण रस्ता सोडून मोकळ्या रानातून चालतो आणि आवाज मागे वळायला सांगत राहतो. हल्ली तारीखही वीसेक वर्षं मागची दाखवतंय, वेळ मात्र बरोबर.

सरळ अँड्रॉइड स्टिरिओ बसवून मोकळं व्हावं, तर जीव या गोष्टींत अडकलाय:

स्टिअरिंगवरची बटणं. रिव्हर्स कॅमेरा, त्यातही स्टिअरिंग फिरवलं की वळणाऱ्या रेषा. अरुंद पार्किंगमध्ये माझी सगळी भिस्त त्यांच्यावरच. पार्किंग सेन्सरचं चित्र. डिकीतला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर. शिवाय एसीचा झोत आणि दरवाजांच्या लॉकची सेटिंग्ज याच स्क्रीनच्या मेनूत आहेत.

फिटिंगवाले म्हणतात, "सगळं चालेल." कसं चालेल ते मात्र कुणी सांगत नाही. ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

तारखेचं आधी सांगतो. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांत येतो, म्हणजे १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर. असा फेरा एप्रिल २०१९ मध्ये झाला, पण प्रत्येक युनिट आपल्या सॉफ्टवेअरप्रमाणे वेगवेगळ्या वेळी गंडतं. अँटेना बदलू नका, ती चांगली आहे. सॉफ्टवेअर अपडेट मिळालं तरच तारीख सुधारेल.

आता मुख्य मुद्दा. सेटिंग्ज याच स्क्रीनवर असतील तर मूळ युनिट काढूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वळणाऱ्या रेषा बहुतेक गाड्यांत युनिटच काढतं. स्टिअरिंग किती फिरलं हे त्याला कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या उपकरणांचे संदेश नेणाऱ्या वायरिंगवरून कळतं. नव्या स्टिरिओबरोबर हे संदेश वाचणारा कॅन डिकोडर देतात. तो तुमच्या मॉडेलसाठी नीट बनवलेला असला तर बटणं आणि सेन्सर चालतात, पण रेषा आणि लॉकची सेटिंग्ज बऱ्याचदा हुकतात.

त्यापेक्षा व्हिडिओ इंटरफेस बघा. ही छोटी डबी युनिट आणि स्क्रीनच्या मधल्या केबलवर बसते. एखादं बटण दाबून धरलं की त्याच स्क्रीनवर कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनवरचे नकाशे आणि अ‍ॅप, परत दाबलं की मूळ मेनू. रिव्हर्स टाकला की ती आपणहून बाजूला होते आणि कॅमेरा पूर्वीसारखाच दिसतो. आवाज बहुधा ऑक्समधून, म्हणजे बाहेरचा आवाज घेणाऱ्या सॉकेटमधून जातो, म्हणून गाडीत ऑक्स आहे का ते आधी बघा.

प्रतिसाद २

अ‍ॅम्प्लिफायरकडे दुर्लक्ष करू नका. युनिटच्या मागच्या सॉकेटमध्ये लाल उजेड दिसला तर ते मोस्ट, म्हणजे उपकरणं एकामागून एक जोडणारं, प्रकाशावर चालणारं फायबरचं कडं आहे. त्यातलं एक उपकरण काढलं की कडं तुटतं आणि सगळा आवाज बंद. ती फायबर घट्ट दुमडायचीही नाही, वळणाची त्रिज्या २५ मिलिमीटरच्या खाली नको.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ऑक्स आहे. स्क्रीन टच नाही, खाली गोल नॉब आहे. त्यावर चालेल का? आणि बोगद्यात जुनं नॅव्हिगेशन न अडखळता पुढे सरकतं, ते राहील ना?

प्रतिसाद १

नॉबवर चालेल. कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो दोन्ही नॉबने वापरता येतात, फक्त ती डबी तुमच्या नॉबचे संदेश ओळखणारी हवी. विकत घेण्यापूर्वी युनिटवरच्या लेबलचा फोटो विक्रेत्याला पाठवा. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारची युनिटं असतात, नुसतं साल सांगून भागत नाही.

बोगद्याचं तसं राहणार नाही. मूळ युनिटला चाकांचा वेग मिळतो, म्हणून सिग्नल गेला तरी ते अंदाजाने पुढे जातं. डबीवर चालतो तो फोनचा जीपीएस. फोन कन्सोलच्या खणात टाकू नका, आकाश दिसेल असा ठेवा. मीटरमध्ये पुढच्या वळणाचा बाण येत असेल, तर तोही जुन्याच नॅव्हिगेशनचा राहील.

कॉलसाठी मूळ माइक चालतो की वेगळा लावावा लागतो, हे विचारून घ्या. वेगळा असेल तर छताच्या दिव्याजवळ बसवा, डॅशबोर्डमध्ये एसीची घरघर येते.

प्रतिसाद २

फिटिंग झाल्यावर गाडी लॉक करून, तिची सगळी इलेक्ट्रॉनिक्स पूर्ण झोपेपर्यंत थांबून बॅटरीवरचा करंट मोजायला सांगा. ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. बऱ्याच गाड्यांत एसीसीची, म्हणजे चावी फिरवल्यावरच सप्लाय देणारी वेगळी वायरच नसते, चावीचा संदेश कॅनवरून येतो. मग काही फिटर डबीला थेट कायमचा सप्लाय देतात आणि बॅटरी उतरते.

धागाकर्ता

ठरलं, युनिट तसंच ठेवून इंटरफेसच बसवतो. आज लेबलचा फोटो काढतो आणि मागचं सॉकेटही बघून घेतो. लाल उजेड दिसला तर फोटो इथेच टाकेन, केबल कुठून न्यायची ते सांगा.