लाइट गेल्यावर घरी जनरेटर लावलाय का? काय झालं ते लिहा

धागा सुरू करतेय, मुलुंड पूर्वेहून

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळलं, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि आमच्या घरात बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. घरात छोटा सिलिंडर होता, पण तो किती वेळ पुरणार! शेजारच्या काकांचा मंडपाचा धंदा. त्यांनी गोडाऊनमधून पेट्रोलचा जनरेटर आणून दिला आणि आम्ही तो गॅलरीत ठेवला. आवाज नको म्हणून दार लोटून घेतलं. वायर आत घ्यायची होती, त्यामुळे चार बोटं फट राहिली.

पाऊण तासात आईचं डोकं ठणकायला लागलं. भाची ओकली. मला जांभया आवरेनात. सकाळपासून कुणी धड खाल्लं नव्हतं, वर ऑक्टोबरचा उकाडा, म्हणून मनावर घेतलं नाही. कोविडचे दिवस असल्यामुळे ऑक्सिमीटर हाताशीच होता. एकेकाच्या बोटाला लावून पाहिला: 97, 98. आम्ही निश्चिंत झालो.

बहीण नर्स आहे. तिला फोनवर कळलं की तिघींना एकदम त्रास होतोय आणि जनरेटर गॅलरीत आहे. ती ओरडलीच, "बाबांना सिलिंडरवर घे आणि सगळे आत्ताच्या आत्ता खाली उतरा!" उतरलो. दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर हळूहळू सगळ्यांची डोकी ताळ्यावर आली.

तिने नंतर समजावलेलं तुम्हाला सांगायलाच हवं. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. आणि आपला बोटाचा ऑक्सिमीटर या दोघांतला फरक ओळखू शकत नाही, आकडा छानच दाखवतो. त्या 97 वर विसंबून आम्ही अजून अर्धा तास आत बसलो असतो तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

पावसाळा तोंडावर आहे. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. मजला कुठला आणि जनरेटर नेमका कुठे ठेवला, हे मात्र नक्की लिहा.

कलिनाहून

26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या पाण्यात आमचा तळमजला आणि मीटर रूम दोन्ही गेली. पुढे कित्येक दिवस लाइट नव्हती. मंडळाचा जनरेटर आधी पहिल्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर ठेवला, कारण तिथे पाऊस लागत नव्हता. पण जिना म्हणजे धुराडंच की! तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना चक्कर आली तेव्हा शहाणे झालो.

मग चौघांनी उचलून गच्चीवर नेला. टाकीच्या पलीकडे, जिन्याच्या दारापासून लांब, बांबूवर पत्रा टाकून, चारही बाजू मोकळ्या. कुणीतरी ताडपत्री गुंडाळायला निघाला होता, त्याला अडवलं, कारण ताडपत्रीत यंत्र तापतं आणि धूरही कोंडतो. सायलेन्सरचं तोंड कठड्याकडे केलं आणि गच्चीचं दार बंद ठेवलं. दार किंवा खिडकी कमीत कमी वीस फूट लांब हवी, हे मला पुढे कळलं. आमच्या गच्चीवर ते जेमतेम जमलं होतं.

विक्रोळी, कन्नमवार नगर. वायरमनचं काम करतो

धुराबद्दल वर लिहिलंय ते खरं आहे. मी दुसरं सांगतो. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून मागायला लोक येतात. एक पिन जनरेटरला, दुसरी भिंतीतल्या सॉकेटला, की अख्खं घर चालू. मी करून देत नाही आणि दुसऱ्या कुणाकडून घेऊ नका. एक पिन निसटली तर उघड्या पितळी दांड्यांत करंट असतो, हातात आली की संपलं.

आणि मेन स्विच पाडायचा राहिला तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी काम करतो. एरवी तो 11,000 व्होल्टचे 240 करतो, उलट गेली की 240 चे पुन्हा हजारो. लाइन बंद आहे असं समजून त्यावर कुणीतरी आमच्यासारखाच माणूस काम करत असतो. "मेन मी आठवणीने पाडतो" असं प्रत्येक जण म्हणतो. लाइट गेल्यावर अंधारात, गडबडीत आठवण राहत नाही, हे मी तीस वर्षं बघतोय.

घराच्या वायरिंगला जोडायचाच असेल तर परवानाधारक माणसाकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्यात एका वेळी एकच बाजू चालू राहते, बाहेरची लाइन नाहीतर जनरेटर. नाहीतर जाड वायरचा, तीन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड थेट जनरेटरला लावा आणि गरजेच्या एक-दोन वस्तू चालवा. वायर हाताला गरम लागली की लोड कमी करा. ओल्या हाताने, अनवाणी पायाने हात लावू नका.

गिरगावातून

चालू जनरेटरमध्ये पेट्रोल ओतताना माझ्या दिराचा हात कोपरापर्यंत भाजला. बंद करून पंधरा-वीस मिनिटं निवू द्यायचा, मगच झाकण उघडायचं. पेट्रोलचा कॅन घरात, देवघराच्या किंवा गॅसच्या आसपास ठेवू नका. जास्त लिहवत नाही.

बोरिवलीहून

आम्ही इन्सुलिनसाठी जनरेटर घ्यायला निघालो होतो. डॉक्टर म्हणाले, फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. मुंबईत बहुतेक वेळा तेवढ्यात लाइट येते. शिवाय फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो, छोट्या जनरेटरला ते झेपत नाही. नाही घेतला. आता मुलांना सांगून ठेवलंय, लाइट गेली की फ्रिजला हात नाही.

अंधेरीहून, एक प्रश्न

आमचा चौथा मजला, गॅलरी नाही, गच्चीला सोसायटीचं कुलूप. बाथरूममागच्या डक्टमध्ये ठेवला तर चालेल का? सासऱ्यांना तुमच्या बाबांसारखंच मशीन आहे.

मुलुंडहून उत्तर

ताई, डक्टमध्ये अजिबात नको. वरखालच्या प्रत्येक घराची बाथरूमची खिडकी त्याच डक्टमध्ये उघडते, रात्री सगळी इमारत तो धूर घेईल. तळघरातलं पार्किंगही नको.

आम्ही जनरेटरचा नादच सोडला. बाबांचं मशीन साधारण 350 वॉटचं आहे. त्यासाठी वेगळा इन्व्हर्टर घेतला, 150 अँपिअर-अवरची एक बॅटरी, त्यावर तीन तास निघतात. बॅटरी मोकळ्या हवेत ठेवलीय, कारण चार्ज होताना तिच्यातूनही गॅस सुटतो. भरलेला मोठा सिलिंडर कोपऱ्यात उभा असतो, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मेन स्विच पाडून घड्याळ लावून बघते. तुमच्या सासऱ्यांच्या मशीनच्या मागे वॉट लिहिलेले असतील, ते इथे टाका. किती बॅटरी लागेल त्याचा हिशोब करून देते.