मदत हवी आहे: आईचं हार्ट फेल्युअर आणि पोटाचा घेर

आई ६७ वर्षांची, डिसेंबरपासून हार्ट फेल्युअरचं निदान, ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ६० म्हणजे पंपिंग ठीक पण हृदय कडक झालंय म्हणे. वजन ५८, उंची १५०, त्यामुळे सगळे म्हणतात कुठे जाड आहे, पण हातपाय काडीसारखे आणि सगळी चरबी पोटावर, काल टेपने बेंबीशी मोजलं तर ९८ सेमी! आपल्याकडे बायकांना ८० च्या आत हवं ना.

आधी वाचलेलं की हार्ट फेल्युअरमध्ये जाड पेशंट जास्त जगतात, म्हणून मी तिला खाऊ घालत होते. मग कळलं, २०२३ मध्ये पॅराडाइम-एचएफ नावाच्या हार्ट फेल्युअरच्या मोठ्या औषध-चाचणीतल्या पेशंट्सचा कंबर भागिले उंची असा हिशोब केला तर तो फायदा दिसेनासा झाला, उलट घेर जास्त त्यांना अ‍ॅडमिट व्हायची वेळ जास्त. आईचं ०.६५ येतं, ०.५ च्या आत हवं. रात्री झोपच लागली नाही मला.

घरात कोणाला असं असेल तर प्लीज सांगा, पोट कमी करताना हातापायाची ताकद कशी टिकवली? आणि पाण्याची सूज की चरबी हे घरी कसं ओळखता? तिच्या पायावर संध्याकाळी पैंजणाचा वळ उठतो, दोन दिवसांत वजन दीड किलो वाढलंय, डॉक्टरांना सकाळी फोन करतेच आहे.