डायलिसिसच्या बिलात इंजेक्शन वेगळे लावावे का?

शाहूपुरीकर: कोल्हापुरातल्या अनेक खासगी रुग्णालयांत डायलिसिसचा दर ठरलेला असतो, पण रक्तवाढीसाठी दिलेले एरिथ्रोपोएटिन आणि लोहाचे इंजेक्शन त्याखाली छापील किमतीने वेगळे लावले जाते. एरिथ्रोपोएटिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्यामुळे २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार त्याला कमाल दर आहे. मात्र ती विक्रीची वरची मर्यादा झाली, रुग्णालयाची घाऊक खरेदी तिच्यापेक्षा बरीच स्वस्त असू शकते आणि मधला फरक रुग्णाला दिसत नाही. लिहून देणारा आणि विकणारा एकच असेल, तर मात्रा वाढवण्याचा मोह राहणारच. म्हणून इंजेक्शने डायलिसिसच्या दरातच धरावीत.

गडहिंग्लजचा वाचक: मोह तिथेही राहतो, फक्त उलटा. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने २०११ पासून नेमके हेच केले आणि एरिथ्रोपोएटिनचा वापर घटला. अर्थात सगळे श्रेय दरपद्धतीचे नाही. हिमोग्लोबिन फार वर नेल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो हे तोवर अभ्यासांतून पुढे आले होते. पण आपल्याकडे खर्च वाचवण्यासाठी इंजेक्शन टाळले गेले, तर रुग्णाला रक्त चढवावे लागेल, आणि प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्याच्या शरीरात वारंवार रक्त चढवल्याने प्रतिपिंडे तयार होऊन जुळणारे मूत्रपिंड मिळणे अवघड होते. बिल वेगळेच असावे. रुग्णाला बाहेरून औषध आणू द्यावे, म्हणजे दर आपोआप उतरतील.

औषधविक्रेता, राजारामपुरी: बाहेरून आणा म्हणणे सोपे आहे. हे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात राहावे लागते. चंदगडहून एसटीने येणाऱ्याने ते बर्फाला चिकटवून आणले आणि गोठले, तर ते वापरण्याजोगे राहत नाही. रुग्णालयाने नकार दिला की त्यामागे नफेखोरीच असते, असे नव्हे.

शाहूपुरीकर: हे कारण एरिथ्रोपोएटिनपुरते मान्य, पण आयर्न सुक्रोज हे लोहाचे इंजेक्शन खोलीच्या तापमानाला टिकते, मग तेही आतूनच घेण्याची सक्ती कशासाठी? या सक्तीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये राज्यांच्या धोरणावर सोडला आहे, त्यामुळे तूर्त रुग्णाच्या हाती बिलच उरते. त्यावर कंपनीचे नाव, किती युनिट दिले, बॅच क्रमांक आणि शेवटचे हिमोग्लोबिन छापले जाणार असेल, तर वेगळ्या आकारणीला माझी हरकत नाही. ‘इंजेक्शन व इतर’ एवढ्या एका ओळीला मात्र आहे.