बाबांच्या नाकाशेजारचा 'तीळ' बेसल सेल कार्सिनोमा निघाला. ऑपरेशनसाठी त्यांचं मन कसं वळवू? (पुणे)

नमस्कार मंडळी,

बाबा ७३ वर्षांचे आहेत. नाक आणि गाल मिळतात त्या खोबणीत दोनेक वर्षांपूर्वी मसुराएवढा काळा ठिपका आला. दाढी करताना कापलं असेल म्हणून आधी कुणी लक्ष दिलं नाही. खपली धरायची, आठ-दहा दिवसांनी पडायची, पुन्हा ओलं. तुरटी झाली, हळद झाली, ओळखीच्या डॉक्टरांचं मलम झालं. महिन्याभरापूर्वी आईने त्यांचा पंचा आणून दाखवला, त्यावर रक्ताचे बारीक ठिपके होते. मी बाबांना खिडकीशी बसवून टॉर्च लावला. मध्ये खड्डा आणि भोवती मोत्यासारखी चमकणारी कड.

त्वचारोगतज्ज्ञांनी बायोप्सी केली. मंगळवारी रिपोर्ट आला: बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार.

त्वचेचा कॅन्सर हा गोऱ्या लोकांचा आजार, असंच मी आजवर समजत होते. डॉक्टर म्हणाले, आपल्या कातडीतलं मेलॅनिन बरंच राखतं, म्हणून आपल्यात प्रमाण कमी, पण होतच नाही असं नाही. उलट आपल्याकडे हा प्रकार बऱ्याचदा काळा दिसतो, म्हणून तीळ समजून वर्षं जातात.

मग त्यांनी विचारलं, "तरुणपणी काम काय करायचात?" बाबा पाटबंधारे खात्यात होते. चोविसाव्या वर्षापासून कालव्याच्या सर्वेवर, हडपसरपासून पार इंदापूरपर्यंत. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी थिओडोलाइटला डोळा लावून उभे. डोक्याला रुमाल असायचा, चेहरा उघडाच. पावसाळ्यात काळवंडलेला रंग उजळायचा, आम्हाला वाटायचं ऊन उतरलं. पण अतिनील किरणांनी पेशींच्या डीएनएत केलेली मोडतोड सगळीच दुरुस्त होत नाही. थोडी थोडी साठत जाते आणि तीस-चाळीस वर्षांनी अशी वर येते.

बाबा म्हणतात, "दुखत नाही, खुपत नाही, या वयात नाकाला सुरी कशाला?" त्यात आत्याने सांगितलंय की गाठीला हात लावला की ती पसरते. दिवाळीनंतर बघू म्हणतात. हा प्रकार शरीरात दुसरीकडे सहसा जात नाही, पण जागच्या जागी खोल जातो, नाकाची कूर्चासुद्धा खातो, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आज थोडं काढून भागेल, पुढे जास्त काढावं लागेल.

तुमच्या घरी कुणाचं असं ऑपरेशन झालंय का? आम्हाला मोह्ज सर्जरी सुचवली आहे. चेहरा कितपत बदलतो? आणि बाबांना न घाबरवता कसं सांगू? माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, सुट्टीत अकरा-अकरा वाजेपर्यंत क्रिकेट कॅम्पला असतो. त्याचीही काळजी वाटायला लागली आहे.

प्रतिसाद: कोथरूडची_मावशी

ताई, माझ्या सासूबाईंचं गालावर झालं होतं, मोह्जच केली. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. पातळ थर काढतात, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली कडा तपासतात, जिथे पेशी उरल्या असतील तेवढ्याच जागेतून पुढचा थर. म्हणून चांगली कातडी वाचते. मधे बसून राहावं लागतं, डबा न्या. संध्याकाळी घरी आलो. शेजारची कातडी सरकवून टाके घातले होते, आता व्रण शोधावा लागतो. सुरीने पसरतं ही भीती आमच्याकडेही होती. डॉक्टरांकडूनच त्यांच्या तोंडावर सांगायला लावा, आपलं ऐकत नाहीत.

मुलाला रुंद कडेची टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, तेही दर दोन तासांनी. ढग असले तरी. आणि घरात सगळ्यांचे तळवे, तळपाय, नखं बघा. मेलानोमा हा जास्त घातक प्रकार आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांत तिथे आढळतो, तिथल्या मेलानोमाचा उन्हाशी संबंध नसला तरी. नखाखाली काळी रेघ रुंदावत असेल तर थांबू नका.

धागाकर्तीचं उत्तर

मावशी, मनापासून आभार. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते, मग विचारलं, "त्याच दिवशी घरी?" आणि स्वतःच मोजे काढून तळपाय पुढे केले. तळपाय स्वच्छ आहेत. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेते, आत्यालाही सोबत नेते. मेडिक्लेममध्ये एका दिवसाचं हे ऑपरेशन बसतं का, कुणाचा अनुभव असेल तर तेवढं लिहा.